ईयोबाचे मित्र आणि आमची साक्ष

दलित साहित्याच्या चर्चेत 'अनुभव' हा शब्द आपण इतक्या वेळा आणि इतक्या विश्वासाने वापरला आहे की तो एकदा उलटसुलट करून पाहिला पाहिजे, असे मला वाटते. जे भोगले ते लिहिले, भोगले म्हणून ते खरे, आणि खरे म्हणून त्याला कोणाच्या सौंदर्यशास्त्राचा दाखला नको, ही भूमिका एका काळात घ्यावीच लागली. प्रस्थापित समीक्षक आपली मोजपट्टी घेऊन आमच्या वस्तीत शिरत होते, तेव्हा त्यांना दारातच थांबवणे गरजेचे होते. ती भूमिका मी नाकारीत नाही. पण ज्या घरात मी वाढलो त्या घरात अनुभवाला आणखी एक नाव होते. त्याला 'साक्ष' म्हणत. आणि साक्षीच्या वर, तिला गप्प करू शकणारी आणखी एक गोष्ट होती. तिला 'वरून येणारे ज्ञान' म्हणत. या दोहोंचा झगडा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याविषयी हे लिहितो आहे.

या पृष्ठांचे बहुसंख्य वाचक धम्माच्या वाटेने आलेले आहेत. ख्रिस्ती झालेल्या महारामांगांची उठाठेव इथे कशाला, असे कोणी मनात म्हटले तर मला नवल वाटणार नाही. त्यांना एवढेच सांगतो की आपले पणजे एकाच तक्क्यात बसत होते. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) १८३१ मध्ये ठाणे मांडले, आणि पुढे त्या जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार समाजाचाच भरणा मोठा होता. १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी तो वाढवला. म्हणून गावाने आम्हाला 'पोटासाठी बाटलेले' म्हटले. भुकेने माणूस देवाकडे गेला तर त्याची श्रद्धा खोटी कशी ठरते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. पोट हेही अनुभवाचेच ठिकाण आहे. पण तो विषय वेगळा.

मी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. माझे वडील गवंडी, शाळा चौथीपर्यंत. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी साक्षीसाठी बोलावले आणि एरवी कधी न उठणारे वडील उठले. त्या आठवड्यात ते शेजारच्या गावी एका बागायतदाराच्या घराची भिंत बांधीत होते. दुपारी पाणी मागितले तेव्हा घरातल्या बाईने तांब्या हातात दिला नाही, वरून ओंजळीत ओतले. वडिलांनी एवढेच सांगितले आणि विचारले की हे देवापुढे कसे ठेवायचे? आभार मानायचे की गाऱ्हाणे घालायचे? पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री सायकल मारीत जाणारे होते. ते मायेने म्हणाले की ख्रिस्तात जात उरलेली नाही, हे जुने मनातून काढून टाका, क्षमा करा, वरचे ज्ञान मागा, ते ज्ञान शांतिप्रिय असते. कोणीतरी पेटी ओढली, गीत सुरू झाले. वडील बसले. त्यानंतर ते कधी साक्ष द्यायला उठले नाहीत.

त्या रात्री आज्जी चुलीपाशी बसून जे बोलली ते मी पुढे एम.ए.च्या कोणत्याही पेपरात वाचले नाही. आज्जीला अक्षर येत नव्हते. पण आमच्याकडे मयताच्या घरी ईयोबाचे पुस्तक वाचण्याची रीत होती, आणि इतक्या मयतांना बसल्यामुळे ते तिला कानाने पाठ झाले होते. ती वडिलांना म्हणाली, "ईयोबाचे मैतर आले, सात दिस त्याच्यापाशी मातीत बसले, गप. तवर ते शाणे व्हते. त्वांड उघडलं आन् बिघडलं."

या एका वाक्याचा विस्तार करण्यापलीकडे मी इथे फारसे काही करणार नाही.

आधी साक्षीच्या साच्याकडे पाहू. मराठी ख्रिस्ती गद्याची सुरुवातच या साच्याने झाली म्हटले तरी चालेल. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'अरुणोदय'. नावातच सगळा आराखडा आला: आधी रात्र, मग पहाट. त्यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत हिंदू विधवांच्या कहाण्या एकामागून एक येतात, आणि जोवर त्या येत राहतात तोवर ते पुस्तक जिवंत आहे. शेवटी कादंबरी उपदेशाकडे वळते आणि त्या बाया मागे राहतात. पदमनजींना मी दोष देत नाही. त्या काळात विधवेचे दुःख छापून काढणे हेच मोठे धाडस होते. पण साचा तिथे घट्ट झाला: दुःख हे पूर्वपीठिका, ज्ञान हा निकाल. निकाल लागला की दुःखाची कागदपत्रे दप्तरात.

आमच्या वस्त्यांमध्ये हा साचा अधिक ढोबळ झाला. बाप्तिस्म्याआधी दारू, मेलेले ढोर, म्हसोबा. बाप्तिस्म्यानंतर साबण, शाळा, स्तोत्र. हे खोटे होते असे नाही. शाळा खरी होती. मी तिचाच नातू-पणतू आहे. पण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या विहिरीवर काय झाले, हे या साक्षींमध्ये सापडत नाही. पहिल्या बाकावर कोण बसले, कोणत्या ख्रिस्ती घरातली मुलगी कोणत्या ख्रिस्ती घरात दिली गेली नाही, हेही नाही. जो अनुभव निकालाशी जुळत नाही तो साक्ष म्हणून गणलाच गेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते १९८९ मध्ये आले. त्यातला एक मुद्दा मला वारंवार अस्वस्थ करतो. अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याच्या अवनतीचे कारण त्याचे कर्म असे त्याला सांगितले गेले. तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याच अवनतीचे कारण आदिपुरुषाचे पाप असे सांगितले गेले. दोन्हीकडे दोष त्याच्याच खात्यावर. भोवतालच्या समाजरचनेकडे बोट दाखवायला त्याला कोणीच शिकवले नाही. बाबासाहेबांचा हा आरोप आमच्या पाळकांनी कधी गंभीरपणे घेतला असे मला दिसले नाही. त्याला उत्तर म्हणून धर्मादाय दवाखान्यांची यादी वाचून दाखवली जाते.

गंमत अशी की या आरोपाचे उत्तर, किंवा उत्तर नव्हे तर त्या आरोपाचीच कैफियत, ख्रिस्ती शास्त्राच्या आत पडून आहे. ती म्हणजे ईयोबाचे पुस्तक. बेचाळीस अध्यायांचे हे पुस्तक मंडळीत वाचले जाते ते पहिले दोन अध्याय आणि शेवटचा; 'ईयोबाचा धीर' या नावाने. मधले जवळजवळ चाळीस अध्याय धीराचे नाहीत. ते भांडणाचे आहेत. गुरेढोरे गेली, दहा लेकरे गेली, अंगभर गळवे उठली, आणि राखेत बसून खापराने अंग खाजवणारा हा माणूस तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. मग त्याचे मित्र बोलू लागतात. अलीफज, बिल्दद, सोफर. तिघेही शहाणे, धर्म जाणणारे, वयाने मोठे. तिघांचेही म्हणणे फिरून फिरून एकच: देव न्यायी आहे, म्हणून तू भोगतोस त्याअर्थी तू काहीतरी केलेच असणार. मराठी माणसाला हा युक्तिवाद समजावून द्यावा लागत नाही. कर्मविपाकाचा सिद्धांत ऊस देशातल्या वाळूत बसून सांगितला तर असाच दिसेल.

ईयोबाकडे त्यांना द्यायला सिद्धांत नाही. त्याच्याकडे फक्त स्वतःचे अंग आहे आणि आपण हे केलेले नाही ही जाणीव. तेवढ्यावर तो उभा राहतो. तो देवाला नाकारीत नाही, त्याला कोर्टात खेचतो. मित्र देवाची वकिली करतात. ईयोब देवालाच बोलावणे धाडतो. आणि शेवटी, वावटळीतून देव बोलून झाल्यावर, जो निकाल येतो तो आमच्या देवळांत मी एकदाही प्रवचनाचा विषय झालेला ऐकला नाही. देव अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. ज्यांनी देवाची बाजू मांडली त्यांच्यावर देव रागावला. ज्याने गाऱ्हाणे घातले त्याचे बोलणे योग्य ठरले. इतकेच नव्हे तर त्या शहाण्यांसाठी ईयोबाने प्रार्थना करावी, तेव्हाच त्यांची सुटका.

माझ्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी त्याच देवळात, त्याच मेजावर ठेवलेल्या पुस्तकात होते. गाऱ्हाणे घालता येते. गाऱ्हाणे हीही देवाविषयीची खरी भाषा असू शकते.

आता 'वरून येणारे ज्ञान' या शब्दांकडे येतो. ते याकोबाच्या पत्रातले, तिसऱ्या अध्यायातले. पाळकसाहेबांनी त्यातला 'शांतिप्रिय' हा भाग वडिलांना दिला. पण याकोबाचे पत्र लहान आहे, एका बैठकीत वाचून होते, आणि ते पूर्ण वाचले तर वेगळेच चित्र दिसते. दुसऱ्या अध्यायात तो सभेतल्या बसण्याच्या जागांविषयी बोलतो. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या गरिबाला पायाशी, असे करणाऱ्यांना तो झोडपतो. पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्या मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे असे तो लिहितो. म्हणजे त्या शांतिप्रिय ज्ञानाच्या एका बाजूला बसण्याची जागा आहे आणि दुसऱ्या बाजूला मजुरी. मधलाच तुकडा तोडून घ्यायचा आणि तो मजुराच्या तोंडावर ठेवायचा, हे याकोबाचे काम नव्हे. त्याने ते चालू दिले नसते.

शब्दाचाही एक प्रश्न आहे. मराठी शास्त्रात याकोबाच्या पत्रात या गोष्टीला 'ज्ञान' म्हटले आहे. भाषांतरकारांचा हेतू चांगलाच असणार. पण 'ज्ञान' हा शब्द मराठीत रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्यामागे ज्ञानाचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही याचा दोन हजार वर्षांचा हिशेब चालत येतो. आज्जीच्या तोंडी 'ज्ञान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती 'शाणपण' म्हणे. मूळ हिब्रूत या अर्थाचा जो शब्द आहे, 'होखमा', तो तर आज्जीच्या शब्दाच्या जवळचा आहे, कारण तो हातालाही लागतो. निर्गम नावाच्या पुस्तकात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, खडे जडवण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. आणि बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायांच्या अंगच्या कसबालाही तोच शब्द येतो. आपण 'हाताला गुण आहे' म्हणतो, तसे. तेव्हा ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही हे ज्याला दोरी स्थिर होण्याआधी कळते, त्या गवंड्याला दैवी शहाणपण आयते शिकवायला जाण्यापूर्वी पाळकांनी जरा थांबावे. ते त्याच्या मनगटात असण्याचा संभव आहे.

पंडिता रमाबाईंना या भाषेच्या प्रश्नाची जाण होती. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. पण नुसता ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्त सापडणे यांत बरीच वर्षे गेली असे त्यांनीच आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितले आहे. मधल्या काळात इंग्लंडातील मठभगिनींनी त्यांना धर्माधिकाऱ्यांच्या शहाणपणापुढे नमायला सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हक्क सोडला नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनच्या आश्रमात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, अल्पशिक्षित बायांना कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये निघाले. संस्कृतात पंडिता झालेल्या बाईने संस्कृत शब्द टाळण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे घालवावीत, ही मला त्यांच्या सर्व भाषणांहून मोठी साक्ष वाटते.

पण आमच्या जातीच्या अंगाने पाहिले तर मराठीतले ईयोबाच्या सर्वांत जवळचे लेखन ख्रिस्ती माणसाचे नाहीच. ते आहे मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली दोन हप्त्यांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनचे पत्र, १८४२ पासूनचे. पण निबंध साक्षीच्या साच्यात बसत नाही. त्यात पहाट होत नाही. वेद ब्राह्मणांचे, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, असा सवाल ती थेट देवालाच टाकते. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नाही, हे ती लिहिते, तेव्हा ती पूर्वपीठिका नसते. तोच मजकूर असतो. आणि त्यात एक जागा अशी आहे की जिच्यापाशी आपण सगळ्यांनीच थोडे थांबावे. महारांना ब्राह्मणांचा विटाळाचा रोग लागला आहे आणि तेही मांगांना हलके लेखतात, असे ती मुलगी स्पष्ट नोंदवते. शोषकाविषयी बोलताना शोषिताला माफी देत नाही. १८५५ साली, चौदाव्या वर्षी.

इथे मला माझ्याच मांडणीकडे संशयाने पाहावे लागते. कारण अनुभव बरोबर आणि शहाणे मित्र चूक, असे म्हणून ईयोबाचे पुस्तक मिटले तर आपण तेही अर्धेच वाचले.

चोविसाव्या अध्यायात ईयोब स्वतःच्या गळवांवरून नजर उचलतो. शेताच्या खुणा सरकवणारे, विधवेचा बैल ओढून नेणारे, आणि त्यांच्या शेतात राबणारे उघडे लोक. पेंढ्या वाहतात आणि उपाशी असतात, द्राक्षे तुडवतात आणि तहानलेले असतात. हे सगळे त्याला आता दिसते. धनवान होता तेव्हा ते त्याच्या दारात होतेच. स्वतः राखेत बसल्यावर दिसले. अनुभव माणसाला डोळे देतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या वाचनात नाही. पण सहा अध्याय पुढे, तिसाव्या अध्यायात, तोच ईयोब तक्रार करतो की आता मला कोण हसतात पाहा: ज्यांच्या बापांना मी माझ्या मेंढरांच्या कुत्र्यांपाशीही बसवले नसते ते! गावाबाहेर हाकललेले, झुडपांत राहणारे, मुळ्या खाणारे, नाव नसलेल्यांची पोरे. हे वाचताना पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. कारण ते आम्ही आहोत. नीतिमान ईयोबाच्या तोंडून, त्याच्या सर्वांत दुःखी घटकेला, गावकुसाबाहेरच्यांविषयी हे बाहेर पडते. त्याचे दुःख खोटे नाही, आणि तरी ते त्याला पूर्ण शहाणे करीत नाही.

अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयातील व्याख्यानातून दलितांच्या बाजूने ख्रिस्ती ईश्वरशास्त्र मांडायला प्रारंभ केला, आणि वेदना आधी, सिद्धांत व कृती नंतर, हा क्रम पुढे आग्रहाने मांडला. तो क्रम मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की वेदना आधी असली तरी तिच्यापाशी सगळे संपत नाही. ईयोबाला वावटळीतून जे प्रश्न विचारले जातात (पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, इत्यादी) त्यांचा अर्थ प्रवचनकार 'तू लहान, गप बस' असा लावतात. मला तसे वाटत नाही. त्या प्रश्नांत रानगाढव आहे, पहाडावरची शेळी आहे, कोणी राहत नाही अशा रानावर पडणारा पाऊस आहे. म्हणजे ईयोबाला त्याच्या अंगणापलीकडचे, आणि ज्या ओसाडीत तो माणसांना हाकललेले पाहत होता तिथले, जग दाखवले जाते. तुझे दुःख मोठे, पण ते एकटे नाही. दैवी शहाणपणाला काही अर्थ असलाच तर तो हा असावा.

माझ्या आज्जीचेही तसेच होते. जिने एका वाक्यात ईयोबाचे पुस्तक उलगडले, तिने माझ्या चुलत्याला मांग ख्रिस्ती घरातली मुलगी करू दिली नाही. पोरगी शिकलेली, एकाच देवळातली, एकाच वर्गात शास्त्र शिकलेली. आज्जी म्हणाली, "देवळात एक, घरात येगळं." चुलता पुढे पुण्याला निघून गेला. हे लिहायला मला अवघड जाते आहे. पण आज्जीची पहिली गोष्ट छापायची आणि दुसरी गाळायची, तर मीही साक्षीच्या साच्यातच बसलो.

या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांतले त्यांचे वेगळे पाणी, वेगळी चूल, सोवळ्याची धडपड 'स्मृतिचित्रे'त आली आहे. जात माणसाने केली की देवाने, याचा त्या स्वतःशीच विचार करतात आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्यापर्यंत येतात. विटाळ लावणाऱ्यांच्या घरात त्या वाढलेल्या, विटाळ सोसण्याचा अनुभव त्यांना नाही. पण त्यांनी आपले आधीचे खुळेपण झाकले नाही, उलट त्याच्यावर हसल्या. ब्राह्मण लेखिकेचे कौतुक या पृष्ठांवर केल्याबद्दल कोणी मला धरील. धरावे. पण आमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या घरातल्या विटाळाविषयी इतके सरळ लिहिले आहे, याचाही हिशेब व्हावा.

आणि हा हिशेब नुसता वाङ्मयीन नाही. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांना यादीबाहेर ठेवले. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. ही मधली चौतीस वर्षे काय होती हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. मद्रासच्या रस्त्यावर बसणारा सूसाई नावाचा एक चर्मकार, आदिद्रविड ख्रिस्ती. अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकारने फुकट टपऱ्या दिल्या, त्याला मिळाली नाही, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे: धर्मांतरानंतरही जात चालू राहते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मसमाजातही अपंगत्व तितकेच तीव्र आहे हे सिद्ध करणारे भरीव साहित्य पुढे आले पाहिजे, आणि ते आलेले नाही. म्हणजे न्यायालयाने साक्ष मागितली. ती कोठून येणार? आम्ही शतकभर ती गाळत आलो होतो. पाळक म्हणत ख्रिस्तात जात नाही. तहसील कचेरी म्हणे ख्रिस्त्याला जात नाही. आणि पाणी ओंजळीत वरून पडतच होते. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, २०२२ मध्ये याच प्रश्नावर बाळकृष्णन आयोग नेमला गेला. प्रत्येक वेळी पुरावा हवा असतो, आणि प्रत्येक वेळी आमच्या मंडळ्या स्तोत्रसंहिता उघडून बसलेल्या असतात.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो असता सध्याच्या पाळकांनी मला रविवारी दोन शब्द बोलायला सांगितले. प्राध्यापक झाल्याचा तेवढा मान असतो. मी प्रवचन केले नाही. ईयोबाचा चोविसावा अध्याय वाचला आणि लगेच तिसाव्यातल्या सुरुवातीच्या आठ ओळी वाचल्या, दोन्ही सावकाश. वडील तिसऱ्या बाकावर होते. वाचून खाली बसलो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाजूने, जिथे मांगवाड्यातल्या बाया बसतात, तिथून एक म्हातारी उठली आणि तिने आपल्या नवऱ्याला माती दिली त्या दिवशी पुढच्या बाकांवरचे कोण कोण आले नव्हते त्यांची नावे घेतली. त्यात आमच्या घरचेही नाव होते. वडिलांनी मान खाली घातली नाही. ते वळून तिच्याकडे पाहत राहिले. पेटीवाला मुलगा पेटीच्या भात्यावर हात ठेवून पाळकांकडे बघत होता. पाळकांनी त्याला खूण केली नाही.